मॉडेल राहू द्या, फोटो ठेवून जा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना,

स. न. वि. वि.

मी वीजलाईनच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता. नोकरीची बहुतेक वर्षं करवीर, पन्हाळा, राधानगरी या तालुक्यांत लाईन बांधण्यात आणि तुटलेली जोडण्यात गेली. आता कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून बोलावणं येतं, प्रोजेक्ट प्रदर्शन आहे, परीक्षक म्हणून या. मी जातो, कारण पोरं हुशार असतात आणि त्यांच्याशी वाद घालायला मजा येते. अलीकडे मात्र एक गोष्ट हमखास दिसते. शाखा इलेक्ट्रिकल असो, ईअँडटीसी असो की कॉम्प्युटर, एखाद्या टेबलावर ‘डीप लर्निंगच्या साहाय्याने इन्सुलेटरमधील दोष शोधणे’ असा बोर्ड असतोच. म्हणजे तारेचा करंट खांबात उतरू न देणारा पोर्सेलीनचा किंवा काचेचा भाग बिघडलाय का, हे फोटो दाखवून शिकवलेल्या प्रोग्रामने, म्हणजे मॉडेलने, ओळखायचं. लॅपटॉपवर इन्सुलेटरचा फोटो येतो, त्याच्याभोवती लाल चौकट उमटते आणि वर आकडा झळकतो. मी विचारतो, हा फोटो कुठला? “डेटासेटमधला, सर.” म्हणजे फोटोंच्या तयार संचातला. डेटासेट कुठला? “इंटरनेटवरचा.” मग तुमच्या गावचा एखादा खांब दाखवा की, म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

म्हणून हे पत्र. मागणं एकच आहे. पुढच्या बॅचचं मॉडेल जरा कमी भारी झालं तरी चालेल, पण आपल्या जिल्ह्यातल्या लाईनचे फोटो काढा, लाईनमनला शेजारी बसवून त्यांवर खुणा करा, आणि पास होऊन जाताना ते सगळं पुढच्या बॅचसाठी मागे ठेवून जा.

तुमच्यापैकी बरेच जण जो संच उतरवून घेतात तो सीपीएलआयडी, म्हणजे चीनमधल्या वीजवाहिन्यांच्या इन्सुलेटरचा संच. गिटहब या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात ८४८ फोटो आहेत, ६०० चांगल्या इन्सुलेटरचे आणि २४८ सदोष. हे २४८ फोटो जसेच्या तसे कॅमेऱ्यातून आलेले नाहीत. सदोष फोटो थोडेच हाती होते, म्हणून संशोधकांनी त्यांतले इन्सुलेटर कापून वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर चिकटवले आणि संख्या वाढवली. त्यांनी हे लपवलेलं नाही. संचाच्या माहितीतच ते लिहिलंय. पण तुमच्या रिपोर्टात ते वाक्य मला अजून दिसलेलं नाही.

त्याहून मोठी अडचण काचेची आहे. मोठ्या लाईनवर इन्सुलेटरच्या चकत्या एकीला एक अडकवून माळ करतात. त्या संचातला दोष म्हणजे मुख्यतः माळेतली एक चकती गायब असणं. टफन्ड काचेची चकती बिघडली की तिचा पार चुरा होतो आणि माळेत खिंडार पडतं. ते खालून नुसत्या डोळ्यांनीही दिसतं, आणि काच वापरण्यामागचं एक कारणही तेच आहे. पोर्सेलीन तसं वागत नाही. ते तडकतं, पण जागचं हलत नाही. काचेच्या माळेतलं खिंडार ओळखायला शिकलेलं मॉडेल आपल्या तपकिरी पोर्सेलीनसमोर उभं केलं की ते शांतपणे ‘ठीक’ सांगतं. त्याला दुसरं काही शिकवलेलंच नाही.

शिवाय लाईनच वेगळी. मुडशिंगीच्या २२० केव्ही (किलोव्होल्ट) उपकेंद्राबाहेरचे मनोरे पाहिलेत तर तिथे तेरा-चौदा चकत्यांच्या लांब माळा दिसतील. संचातल्या फोटोंशी त्यांचं थोडं तरी नातं आहे. पण तुमच्या घरची लाईट जाते ती बहुतेक वेळा ११ केव्हीच्या किंवा लघुदाबाच्या लाईनवरच्या बिघाडाने. ११ केव्हीच्या खांबावर व्ही क्रॉस आर्म, म्हणजे व्ही आकाराचा लोखंडी हात, वर टॉप फिटिंग आणि त्यांवर मिळून तीन पिन इन्सुलेटर, म्हणजे लोखंडी पिनवर बसवलेले. जिथे तार ओढून बांधतात त्या ताणाच्या खांबावर चकती लागते ती एक, ३३ केव्हीला तीन. माळ अशी नाहीच. त्यावर गुऱ्हाळांचा धूर आणि साखर कारखान्यांची काजळी बसते, गगनबावड्याकडे शेवाळ चढतं. मागे निळं आकाश क्वचित, एरवी ऊस, नारळ, पत्र्याचं शेड आणि केबलवाल्याच्या वायरींचा गुंता. अशा फोटोवर तुमचं मॉडेल एकदा चालवून पाहा. मी एका गटाला तिथल्या तिथे मोबाईलवरचा फोटो दिला होता. मॉडेलने इन्सुलेटर सोडला आणि पाण्याच्या टाकीला चौकट मारली. पोरं खूप हसली. हसणंच बरोबर होतं, कारण त्यात त्यांची चूक थोडी होती. फोटोच नव्हते तर काय करणार?

आता कॅमेऱ्याला काय दिसणार नाही, ते आधी सांगतो. तुमच्या प्रस्तावनेत हे कधीच नसतं.

मे महिन्यात वळीव येतो. दिवसभर तापलेल्या पोर्सेलीनवर गार पाणी पडतं आणि आधीच थकलेले इन्सुलेटर त्या रात्री दगा देतात. पिन इन्सुलेटर पंक्चर होतो म्हणजे पोर्सेलीनच्या आतून, तारेपासून खालच्या लोखंडी पिनपर्यंत, केसाएवढी वाट तयार होते. बाहेरून तो नव्यासारखा. कोरड्या हवेत तो बरेच दिवस काढतोही. पाणी मुरलं की त्या वाटेने करंट खांबात आणि जमिनीत उतरतो, उपकेंद्रात ही गळती ओळखणारा अर्थ फॉल्टचा रिले पडतो आणि अख्खा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली ती लाईन, बंद. पुन्हा चार्ज केला तर कधी राहतो, कधी लगेच जातो. मग रात्री, पावसात, मधला एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाईन तोडायचा स्विच, उघडून फीडरचे दोन भाग करायचे. अलीकडचा भाग चार्ज करून बघायचा. तो राहिला तर दोष पुढे आहे. पुन्हा पुढच्या भागाचे दोन तुकडे. असं करत करत मोजके गाळे, म्हणजे दोन खांबांमधले टप्पे, उरतात. मग परमिट (लाईनवर काम करायची परवानगी) घेऊन, लाईन अर्थ करून, एकेका खांबावर चढायचं, हाताने तपासायचं, इन्सुलेशन मोजणारा मेगर लावायचा. फोनवर एकीकडे सरपंच, दुसरीकडे ज्याची दुधाची डेअरी बंद पडलीय तो. माझ्याबरोबरचे एक जुने लाईनमन म्हणायचे, “सायेब, ह्यो बघून न्हाई कळत, ह्यो ऐकून कळतोय.” दोष नुकता सुरू झालेला असेल तर खांबाखाली उभं राहिलं की बारीक चरचर ऐकू येते. त्यांच्या कानाला ती बरोबर लागायची.

हा पंक्चर इन्सुलेटर साध्या कॅमेऱ्याने पकडायचं आश्वासन कुणीही देऊ नये. तुम्ही तर नकोच. हे खोटं आश्वासन एकदा दिलं की लाईन स्टाफ पुढे तुमचं खरं कामही ऐकून घेत नाही.

मग कॅमेरा कशाला हवा? हवा, आणि खूप कामाला हवा. कारण पावसाळ्यापूर्वीच्या गस्तीत ज्या गोष्टी सुटतात त्यांतल्या बऱ्याचशा उघड्यावर असतात. त्या दिसत नाहीत असं नाही, माणूस सगळीकडे पोचत नाही. खांबाला जमिनीशी ताणून धरणाऱ्या स्टे वायरवरून चढत थेट तारेपर्यंत पोचलेला वेल घ्या. श्रावणात तो आठवड्या-दोन आठवड्यांत वर जातो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या बाजूला कावळ्यांची घरटी असतात, त्यांत काड्यांबरोबर बाइंडिंग वायरचे तुकडे असतात आणि असा एक तुकडा दोन फेजमध्ये लोंबला की झालं. जंप, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, अर्धा तुटून दोन-चार तंतूंवर लटकलेला. इन्सुलेटरचा कडेचा घेर फुटलेला, किंवा ग्लेझवर जळाल्याचा काळा डाग. खांब कललेला, स्टे कुणीतरी ट्रॅक्टर वळवताना उखडलेला. डीपीच्या पेटीला दार नाही, आत फ्यूजच्या जागी तारेचा वेटोळा. हे सगळं फोटोत स्वच्छ येतं.

यातही मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो झोळ, म्हणजे दोन खांबांमध्ये तार खाली लोंबते ती. आपल्याकडे तार उसावरून जाते. शेतावरून जाणारी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असावी असा नियम आहे. उभा ऊस तीन-चार मीटरपर्यंत जातो. खांब कलला, ताण सुटला की तार खाली येते आणि मधलं अंतर संपत जातं. लघुदाबाच्या झोळलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटतात, ठिणगी खाली वाळलेल्या पाचटावर पडते आणि तोडणीला आलेला ऊस पेटतो. त्यानंतरचे पंचनामे, नुकसानभरपाईचे अर्ज, ‘लाईनमुळेच लागली कशावरून’ हा वाद, हे सगळं तुमच्या घरातल्या कुणी ना कुणी पाहिलेलं असेल. आता विचार करा. खांबाची उंची माहीत असते. एका बाजूने, पूर्ण गाळा येईल असा फोटो काढला तर तारेचा सर्वांत खालचा बिंदू आणि खांब यांच्या प्रमाणावरून झोळ काढता येतो. त्यासाठी ड्रोन लागत नाही, बांधावर उभं राहून मोबाईल पुरतो. गणित बारावीच्या पुढचं नाही. असा प्रोजेक्ट मी अजून एकही पाहिलेला नाही, याचं मला नवल वाटतं. ‘झोळ मोजणे’ हे नाव बोर्डावर तितकं चमकत नाही, एवढंच कारण असावं.

बारीक वस्तूंबद्दल मात्र एक हिशोब मांडा, मगच विषय घ्या. फोटो ४,००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात आठ मीटर रुंदीचा भाग येतोय, तर एक पिक्सेल म्हणजे दोन मिलिमीटर. चकती जागेवर ठेवणारी स्प्लिट पिन काही मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम दोन-तीन ठिपके. योलो हे फोटोत वस्तू शोधणारं तयार मॉडेल वापरताना तुम्ही फोटो ६४० पिक्सेलवर आणता, कारण नेहमीची सेटिंग तीच असते. आता एक पिक्सेल साडेबारा मिलिमीटरचा झाला. पिन फोटोतून गेली! मॉडेल कितीही खोल करा, जे चित्रातच नाही ते कुठून सापडेल? आधी इन्सुलेटर कुठे आहे ते शोधा, मूळ फोटोतून तेवढाच भाग कापा आणि दोष त्या तुकड्यात पाहा, हा मार्ग चीनच्या त्या संचावर २०१८ साली काम करणाऱ्यांनीही घेतला होता. संच त्यांचा घेता, तर ही शिस्तही घ्या.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. सैल जोड तापतो हे खरं, पण उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते. करंट निम्मा झाला की उष्णता चौथाईवर येते. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज सप्लाय ठरलेल्या वेळीच असतो, कधी दिवसा, कधी रात्री. सप्लाय नसताना दुपारी बारा वाजता जाऊन ‘सर्व जोड सुस्थितीत’ असा अहवाल देणं म्हणजे झोपलेल्या माणसाला पळायला येतं का ते तपासणं. चकचकीत ॲल्युमिनियमचं तापमान हा कॅमेरा मुळातच कमी दाखवतो. म्हणून आकड्यावर विसंबू नका, त्याच खांबावरच्या तिन्ही फेजचे जोड एकमेकांशी ताडून पाहा. एक बाकी दोघांपेक्षा तापलेला असेल तर काहीतरी आहे.

आता तुमची अचूकता. शंभर फोटोंत दोनच सदोष असतील तर डोळे झाकून ‘सगळे चांगले’ म्हणणाऱ्यालाही ९८ टक्के मिळतात. हे तुम्हाला वर्गात शिकवलेलं असतं, तरी पोस्टरवर तोच आकडा मोठ्या अक्षरात असतो. मला दुसरा हिशोब द्या. समजा एका उपविभागात १०,००० इन्सुलेटर आहेत आणि त्यांत २० खराब. तुमच्या मॉडेलने २० पैकी १८ पकडले. शाबास! पण चांगल्यांपैकी फक्त दोन टक्क्यांना चुकून खराब म्हटलं, तरी ते सुमारे २०० होतात. म्हणजे २१८ ठिकाणी लाईनमनने शटडाऊन घेऊन वर चढायचं आणि बारांतून एकदा काहीतरी सापडायचं. पहिल्याच आठवड्यात तो तुमची यादी घडी करून खिशात ठेवील आणि आपल्या अंदाजाने फिरेल. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. त्यामुळे किती पकडले याच्या शेजारी किती फुकट चढायला लावले, हा आकडा त्याच आकाराच्या अक्षरात लिहा.

आणि तपासणी प्रामाणिक ठेवा. एकाच व्हिडिओतून सुटे केलेले फोटो अर्धे शिकवायला, अर्धे तपासायला वापरले की तोच खांब दोन्हीकडे येतो. मॉडेल त्या खांबाला तोंडपाठ ओळखतं. करवीरमधल्या फीडरवर शिकवा आणि शाहूवाडीतल्या, कधीच न दाखवलेल्या फीडरवर तपासा. आकडा पडेल, चांगलाच पडेल. पडू द्या, आणि तोच छापा.

फोटोंवर खुणा कुणी करायच्या, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. सध्या तुम्ही हॉस्टेलवर बसून, चहा पीत, रात्रीत हजार चौकोन काढता. तुम्हाला डाग आणि जळाल्याची खूण यांतला फरक कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. लाईनमनला कळतो. तुमच्या गावच्या सेक्शन ऑफिसात जा, कनिष्ठ अभियंत्याला रीतसर पत्र द्या आणि लाईनमनच्या सोयीच्या वेळी त्यांच्यासमोर फोटो ठेवा. “काका, यात काय वाटतंय?” एवढं विचारा. ते जो शब्द वापरतील तो लिहून घ्या. ते ‘सांगता येत नाही, वर चढून बघावं लागंल’ म्हणाले तर तेही लिहून घ्या. ‘सांगता येत नाही’ असा वेगळा गट तुमच्या डेटात असायलाच हवा. आणि त्यांची नावं, त्यांना चालत असेल तर, रिपोर्टात तुमच्या नावांच्या खालोखाल छापा, आभारांच्या शेवटच्या ओळीत नव्हे.

आणखी एक खाण तुमच्या हाताशी आहे. बदलून काढलेले इन्सुलेटर भंगारात जाण्याआधी काही दिवस कुठेतरी पडून असतात. परवानगी घेऊन ते प्रयोगशाळेत आणा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ओले करून मेगर लावा, आकडा फोटोबरोबर नोंदवा. बाहेरून धड दिसणारा कोणता इन्सुलेटर आतून गेलेला होता, हे अशा रीतीने नक्की कळतं. खांबावरचा त्याचाच आधीचा फोटो मिळाला तर सोनंच. साध्या फोटोवरून पंक्चरचा काही सुगावा लागतो का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आलं तरी तो उत्तम प्रोजेक्ट होईल.

हे सारं एका बॅचच्या आवाक्यातलं नाही, आणि माझ्या हट्टाचं मूळ तिथेच आहे. दरवर्षी तुम्ही शून्यापासून सुरू करता. जूनमध्ये रिपोर्ट बांधून कपाटात जातो, लॅपटॉप पुण्याला जातो, फोटो त्याच्याबरोबर जातात. पुढची बॅच पुन्हा चीनचा संच उतरवते. त्याऐवजी प्रत्येक बॅचने दोन-तीन फीडर घेतले, प्रत्येक फोटोबरोबर फीडरचं नाव, खांबाचा क्रमांक, तारीख, वेळ आणि लाईनमनचं मत ठेवलं, तर काही वर्षांत एक असा संच उभा राहील ज्यात तोच खांब सालोसाल दिसेल. कललेला खांब एका फोटोत कललेला आहे की मुळातच तसा रोवलाय, हे ठरवता येत नाही. गेल्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेच्या काठी किती खांबांखालची माती गेली आणि ते किती झुकले, याचा अंदाज आम्ही डोळ्यांनी बांधत होतो. पुराआधीचे फोटो असते तर त्या धावपळीत कुठे आधी जायचं ते ठरवायला त्यांचा मोठा उपयोग झाला असता.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. फोटो जमवणं आणि खुणा करणं हे ‘खरं काम’ नाही, त्यात नवीन काय, असा शेरा मारून हा विषय परत पाठवू नका. मॉडेल आज कुणीही संध्याकाळभरात चालवून दाखवतो. वळवानंतरच्या सकाळी भुदरगडातल्या फीडरचे, लाईनमनने तपासलेले फोटो जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. याला पूर्ण गुण द्या. दोन-तीन कॉलेजांनी एकत्र येऊन नोंदींचा एकच तक्ता ठरवला तर फार बरं, नाहीतर प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि जुळवताना पुन्हा सगळं मुसळ केरात. संच जाहीर करण्याआधी संबंधित वीज कार्यालयाची लेखी संमती घ्या, लोकांची घरं, चेहरे, गाड्यांचे क्रमांक झाका, आणि उपकेंद्राच्या कुंपणाच्या आतलं काहीही परवानगीवाचून टिपू नका.

विषयांची नोंदणी सुरू होण्याआधी कुणाला बसायचं असेल तर मी येतो. लाईन स्टाफ कोणत्या बिघाडाला काय म्हणतो, कोणता किती तातडीचा आणि कोणता पावसाळ्यापर्यंत थांबू शकतो, याची यादी मी करून ठेवली आहे. ती दुरुस्त करायला दोन लाईनमन यायला तयार आहेत. मानधन नको म्हणतात, पण येण्याजाण्याचा खर्च कॉलेजने द्यावा.

आपला,
लाईनवर नोकरी केलेला एक निवृत्त अभियंता, कोल्हापूर

ता. क. ड्रोनची घाई करू नका. आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगात येते ते पाहा, उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे जे लागेल ते पूर्ण करा आणि लाईनच्या माणसाशिवाय चालू तारेजवळ ड्रोन नेऊ नका. जमिनीवरून फोटो काढताना सेल्फी स्टिक, ॲल्युमिनियमची शिडी, लोखंडी काठी यांतलं काहीही वर करायचं नाही. डीपीच्या चौथऱ्यावर चढायचं नाही, स्टेला टेकायचं नाही. सूर्य पाठीशी ठेवा. पहिला फोटो खांबाच्या क्रमांकाचा, मग पूर्ण खांबाचा, मग झूम करून वरचा. क्रमांक पुसलेला असेल तर तसं लिहा आणि सेक्शन ऑफिसला कळवा, तेवढं एक काम तरी त्याच दिवशी मार्गी लागेल.